स्वीडन, जपान आणि सलोमीबाई

सलोमीबाई बसलेल्या मला आठवतच नाहीत. आमच्या मुलींच्या शाळेत शिक्षिकांच्या खोलीत प्रत्येकीला एक खुर्ची होती. त्यांनाही होती, पण तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. त्या स्वतः खिडकीपासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालत वह्या तपासायच्या. डबा उभ्याने खायच्या. सकाळच्या प्रार्थनेला आम्ही सगळ्या डोळे मिटून उभ्या असलो तरी यांची बोटं पदराखाली चाललेली असत. आधी मला वाटलं, कसला तरी कंप असेल. मग कळलं की त्या टाइप करतात. यंत्र नव्हतं, बोटांना मात्र सवय सुटली नव्हती.

त्या नगरला आल्या बेचाळीसच्या उन्हाळ्यात. सिंगापूर जपानच्या हाती पडून फार दिवस झाले नव्हते. जिल्ह्यातली कितीतरी पोरं पलटणीबरोबर तिकडे अडकली होती, त्यामुळे ज्यांनी कधी दौंडपलीकडे पाऊल टाकलं नव्हतं त्या बायकांच्याही तोंडी सिंगापूरचं नाव होतं. सलोमीबाई मात्र खरोखर तिथून आलेल्या. मूळच्या राहात्याकडच्या, मिशनच्या बोर्डिंगात शिकलेल्या. मुंबईत टायपिंग शिकून, याकोब नावाच्या आपल्याच माणसाशी लग्न करून त्या तिकडे गेल्या. कागद आयात करणाऱ्या एका इंग्रज कंपनीत दोघेही कामाला होते. ते गुदामात, या कचेरीत. बॉम्ब पडायला लागले तेव्हा बायकामुलांना बोटीत बसवून काढलं. याकोबनी यांना जवळजवळ ढकलूनच बोटीवर चढवलं आणि म्हणाले, "तू हो पुढे. मी मागच्या बोटीने आलोच."

मागच्या बोटी आल्या. त्यांत याकोब नव्हते.

नगरात याकोबची आई होती, राहेलबाई. दवाखान्यात आया म्हणून जन्म काढलेली, आता थकलेली. तिच्या दोन खोल्यांत सलोमीबाई राहायला आल्या. शेजारची खोली माझी. मी राहुरीकडची, नुकतीच ट्रेनिंग होऊन शाळेत लागलेली. आमच्या मध्ये एक कुडाची भिंत होती, आणि त्या भिंतीपलीकडून राहेलबाईंचं एकच वाक्य दिवसभर ऐकू यायचं : "आगं बस की पोरी जरा! पायाला काय भवरा लावलाय?"

शाळेत त्यांना भूगोल आणि वरच्या वर्गांना टायपिंग दिलं होतं. पहिल्याच दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, त्यांच्या हातात वेळापत्रकाचा कागद दिला. सलोमीबाईंनी तो वाचला नाही. उजेडाकडे धरला, नाकाशी नेला, मग त्याचा एक कोपरा उभा फाडला आणि एक आडवा. आम्ही सगळ्या बघतच राहिलो.

"स्वीडन," त्या म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "स्वीडन वगैरे नाही हो. पुण्याकडच्या गिरणीतला आहे. मी स्वतः मागवलाय."

"मग लगदा तरी तिकडचा असणार," असं म्हणून सलोमीबाईंनी वेळापत्रक पिशवीत टाकलं आणि वर्गावर निघून गेल्या. चुकल्याची खंत त्यांना कधी वाटत नसे. एका अंदाजाने जमलं नाही तर दुसरा तयार असायचा.

हे स्वीडनचं प्रकरण काय आहे ते मला हळूहळू समजलं. सिंगापूरच्या कचेरीत त्यांचं काम असं होतं : बेटावर दर महिन्याला किती कागद आणि किती पुठ्ठा उतरला, त्यातला स्वीडनचा किती, जपानचा किती, हे गोळा करायचं आणि दोन्ही शेजारी शेजारी मांडून साहेबाला द्यायचं. स्वीडनचा माल अर्ध्या जगाला वळसा घालून यायचा. महाग, पण भरवशाचा. बर्फ पडलं, बंदर गोठलं की उशीर व्हायचा. जपानचा माल जवळून यायचा, स्वस्त पडायचा, झटपट यायचा. मात्र एक गठ्ठा उत्तम निघाला तर दुसरा बोटांत चुरा होईल असा. वर्तमानपत्रांना स्वीडन हवा. चपलांचे, बिस्किटांचे, अननसाच्या डब्यांचे खोके करणाऱ्यांना जपानचा पुठ्ठा. पुढे जपानने चीनवर स्वारी केली तेव्हा तिथल्या चिनी दुकानदारांनी जपानी माल घ्यायचा नाही असं ठरवलं. "आणि तरी," सलोमीबाई सांगायच्या, "रात्रीतून गठ्ठ्यांवरची लेबलं बदलायची. कागदावर जपानी खूण नाही, पण फाडला की मला कळायचं. साहेबाला नुसता आकडा हवा असायचा. मी खाली लिहायची, हा आकडा खोटा आहे आणि का खोटा आहे. साहेब ते खोडायचा. पुढच्या महिन्यात मी परत लिहायची."

या कामाने त्यांना एक खोड लावली होती. कोणी काहीही विधान केलं की त्या विचारायच्या, "कशाच्या मानाने?"

"आज फार ऊन आहे नाही, सलोमीबाई?"

"कशाच्या मानाने?"

"पाचवीतली ती शेवंता फार हुशार आहे."

"कशाच्या मानाने?"

शाळेत त्यांना मागे 'कशाच्यामानाने बाई' असंच म्हणायचे. एकदा चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, "प्रभूची कृपा थोर आहे," आणि माझ्या शेजारी दाराशी उभ्या असलेल्या सलोमीबाईंचे ओठ हलले. त्यांनी शब्द उच्चारला नाही एवढंच.

त्यांचा भूगोलाचा तास मी एकदा दाराबाहेरून ऐकला. बेटाची व्याख्या चालली होती. एका मुलीने पाठ केलेलं म्हणून दाखवलं, चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला तो भूभाग.

"पाण्याचं काय घेऊन बसलीस?" सलोमीबाई बाकांच्या मधून झपाझप फिरत म्हणाल्या. "ज्याला भात, कापड, काडेपेटी, कागद, सगळं बाहेरून यावं लागतं आणि आणणारी बोट आली नाही तर जे उपाशी मरतं, त्याला बेट म्हणायचं."

पारनेर तालुक्यातली एक दांडगी मुलगी मागून उठली. "मंग बाई, आमचं गाव बी बेटच हाय की. मीठ न्हाई, रॉकेल न्हाई. मोटार आली न्हाई तर काय बी न्हाई."

सगळा वर्ग हसला. सलोमीबाई हसल्या नाहीत. त्या फिरायच्या थांबल्या, त्या मुलीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरोबर. लिहून घ्या सगळ्यांनी."

लढाई लांबली तसा कागद मिळेनासा झाला. वह्या अर्ध्या झाल्या, एका बाजूने छापलेल्या रद्दीच्या कोऱ्या पाठीवर मुली गणितं करायला लागल्या. तेव्हा सलोमीबाईंच्या अंगात आलं. त्या म्हणाल्या, आपण पुठ्ठा करू. वह्यांना बांधणी होईल, पाट्यांऐवजी तक्ते होतील. मोठ्या बाई नाही म्हणायच्या आत त्यांनी मुलींकडून घराघरांतली रद्दी जमवली, शाळेमागच्या हौदात भिजत घातली आणि उसन्या आणलेल्या मुसळांनी कांडायला लावली. खळ कालवून जुन्या लुगड्यांवर तो लगदा पसरायचा आणि वर पाटे-वरवंटे ठेवून दाबायचा. चार दिवस शाळेला असा वास सुटला की गावातून येणारे लोक नाकाला धोतराचा सोगा लावायचे. पुठ्ठा झाला. जाड, खडबडीत, बाजरीच्या भाकरीसारखा, कडेला फुगलेला. सलोमीबाईंनी तो फाडून पाहिला आणि म्हणाल्या, "जपानच्या मानाने वाईट नाही." वाळायला तो कुंपणापाशी मांडला होता. मधल्या सुट्टीनंतर पाहतो तर शेजारच्या दोन शेळ्या मन लावून खात होत्या. अर्धाअधिक माल संपला होता.

"सलोमीबाई," मोठ्या बाई म्हणाल्या, "ही शाळा आहे की कागदाची गिरणी?"

"खळ जास्त झाली," सलोमीबाई शेळ्यांकडे बघत म्हणाल्या. "खळ कमी केली की खाणार नाहीत." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हौद भरला. त्या वर्षी आमच्या वह्यांना त्याच पुठ्ठ्याची बांधणी झाली.

हे सगळं लोकांना दिसायचं. मला दिसायचं ते निराळं होतं. शिक्षिकांच्या खोलीत आशियाचा नकाशा होता. शाळा सुटल्यावर त्या त्याच्यासमोर उभ्या राहायच्या, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. मी सोबतीला थांबायची. एकदा त्या आपणहून बोलायला लागल्या.

"स्वीडन बंद झालं, कुसुमताई. तिथून आता बोट जाऊच शकत नाही. राहिला एकटा जपान. आता तुलना करायची कशाशी?"

मी म्हटलं, "तुलना करून तरी काय करायचं आता?"

"राज्य चालवायला कागद लागतो," त्या माझं न ऐकता म्हणाल्या. "जपानी असोत नाहीतर इंग्रज असोत. रेशनची कार्डं, परवाने, नोटा. बेटावर झाड तोडून कागद होत नाही. म्हणजे त्यांना आपल्या देशातून आणावा लागणार. आणला की गुदामात उतरवावा लागणार. तिथल्या दमट हवेत कागद नीट रचला नाही तर आठवड्यात बुरशी धरते. तो रचायचा कसा हे बेटावर ज्यांना कळतं त्यांत याकोब पहिला. अशा माणसाला मारून त्यांना परवडणार नाही." मग माझ्याकडे वळल्या. "पटतंय का?"

मी पटतंय म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण एवढ्यावर त्या स्वस्थ राहिल्या असत्या तर त्या सलोमीबाई कसल्या! आठ-पंधरा दिवसांनी त्यांना वाटे, जपानलाच लगदा कमी पडत असेल तर? मग ते बेटाला कशाला देतील? मग गुदाम रिकामं. रिकाम्या गुदामाला रखवालदारही लागत नाही. तसं वाटलं की त्या दिवसभर कुणाशी बोलत नसत. मग कुणाकडून तरी जुनं वर्तमानपत्र मिळे, त्यात जपानच्या जहाजांचा उल्लेख असे, आणि पुन्हा गुदाम भरे. त्या पुन्हा जेवायला लागत. दोन देश आणि एक बेट घेऊन ही बाई तीन वर्षं आपल्या नवऱ्याला जगवत होती.

चव्वेचाळीस संपता संपता चर्चच्या मंडळींनी विषय काढला. याकोबसाठी स्मरणाची प्रार्थना ठेवावी असं त्यांचं म्हणणं होतं. इतके दिवस काही खबर नाही, तेव्हा घरच्यांनीही मनाची तयारी करावी. चार वडीलधारी माणसं राहेलबाईंच्या खोलीत येऊन बसली. चहा झाला. मी कप द्यायला गेले होते.

सलोमीबाई चुलीपाशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "स्मरण गेलेल्या माणसाचं करतात."

"ताई, आम्ही तुमच्या भल्यासाठीच म्हणतोय," एक गृहस्थ म्हणाले. "तुम्ही तरुण आहात. असं किती दिवस लोंबकळत राहणार? निकाल लागला म्हणजे तुम्हालाही पुढचा विचार करता येईल."

"निकाल प्रार्थनेने लागतो?"

सगळे राहेलबाईंकडे बघायला लागले. शेवटी मुलगा तिचा होता. म्हातारी बराच वेळ गुडघे चोळत होती. मग म्हणाली, "माज्या सुनंला पटत न्हाई तवर ऱ्हाऊ द्या. तिला म्हाईत हाय काय तरी. मला आडानीला न्हाई कळत, पर तिला कळतं."

मंडळी गेल्यावर राहेलबाईंनी सुनेला विचारलं नाही की तुला काय माहीत आहे. सलोमीबाईंनीही सांगितलं नाही. त्या दोघी एकमेकींशी फार थोडं बोलायच्या. एक सारखी चालायची आणि दुसरी सारखी बस म्हणायची, एवढाच त्यांचा संवाद.

लढाई संपली. सेहेचाळीस उजाडल्यावर कैदेतून सुटलेले शिपाई गावोगाव परत यायला लागले. सलोमीबाई भिंगारच्या छावणीकडे जायच्या, स्टेशनवर जायच्या, गणवेशातला माणूस दिसला की वाट अडवून विचारायच्या, "सिंगापूर?" मोठ्या बाईंच्या कानावर गेलं. शिक्षिकेला हे शोभत नाही, असं त्यांनी बजावलं. सलोमीबाईंनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी पुन्हा स्टेशनवर गेल्या.

खबर आली ती वर्गातूनच. ती पारनेरकडची मुलगी म्हणाली, "बाई, आमच्या गावचा निवृत्ती आलाय माघारी. त्यो सिंगापुरात हुता जपान्याच्या ताब्यात. बंदरात हमाली करून घेतली त्याच्याकडून."

रविवारी आम्ही दोघी निघालो. त्या वेळी पेट्रोल मिळत नसे, म्हणून सर्व्हिस मोटारींच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली असायची. चढ आला की मोटार दम टाकायची, मग सगळ्यांनी उतरायचं. सलोमीबाईंना ते बरं वाटत होतं. मोटार ढकलणाऱ्यांत त्या सगळ्यांच्या पुढे.

निवृत्ती घराच्या ओट्यावर घोंगडी टाकून बसला होता. तिशीतला असेल, पण गालफडं आत गेलेली आणि डोळे म्हाताऱ्याचे. त्याची आई शेजारी शेंगा फोडत होती. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्याने घोंगडी झटकून दिली. मी बसले. सलोमीबाई उभ्याच.

"बंदरात कोणत्या बाजूला होता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"गुदामांची रांग हाय बगा, रूळ हायती त्याच्या फुडं."

"त्यात कागदाचं गुदाम होतं?"

"व्हय, हुतं की. मोठाली गोल बंडलं. दोगं-तिगं मिळून लोटायचो. आन सपाट गठ्ठं, पुठ्ठ्याचं."

"शेवटपर्यंत येत होता माल?"

"मागनं मागनं कमी आला. पर येत हुता."

सलोमीबाईंचा चेहरा उजळला. त्या भराभर विचारत सुटल्या : गठ्ठे जमिनीवर ठेवायचे की फळ्यांवर, भिंतीपासून किती अंतरावर, वर ताडपत्री होती का. निवृत्ती बिचारा आठवून आठवून सांगत होता. मला कळत होतं की त्या खरा प्रश्न पुढे ढकलताहेत. अखेर त्याच म्हणाल्या, "तिथे एक मराठी माणूस होता?"

"याकोबबाबू," निवृत्ती लगेच म्हणाला. "तुमी त्यांच्याच का? मला वाटलंच. बाई, मी पयल्यांदा त्यांच्या तोंडून मराटी ऐकली तवा रडलो बगा. त्यांनी मला भात दिला. एकदा न्हाई, लई येळा. आपल्यातला काडून. त्यांच्यामुळं मी हाय हितं."

"तब्येत कशी होती?"

"वाळलं हुतं मानूस. पर धडधाकट. मी निगालो तवा बंदरापतूर आलं हुतं."

"माझं काही म्हणाले?"

निवृत्तीने मान खाली घातली आणि ओट्याचा पोपडा नखाने काढायला लागला. त्याची आई शेंगा फोडायची थांबली.

"सांग की रं," ती म्हणाली. "एवढ्या लांबनं आल्यात त्या. तोंड शिवलं का आता तुजं?"

"त्यांना कुनी तरी सांगितलं हुतं," निवृत्ती खालीच बघत म्हणाला, "का तुमची बोट बुडाली. बाँब पडला म्हनं तिच्यावर. समदी गेली. मला म्हनायचं, निवृत्ती, मीच ढकललं तिला त्या बोटीवर, आता आयला कोन्या तोंडानं लिवू?"

"मग?"

"मंग... त्यांनी घर मांडलं हुतं, बाई. तिथलीच हाय ती. चांगली हाय. मला भात ती रांदून द्यायची."

मग सलोमीबाईंनी विचारलं, "मूल?"

"झोळीत हुतं. मी निगालो तवा."

"मुलगा की मुलगी?"

"ल्योक."

निवृत्तीच्या आईने उठून गुळाचा चहा केला. सलोमीबाईंनी तो घेतला, कप विसळून ठेवला, निवृत्तीला म्हणाल्या, "तुम्ही खरं सांगितलंत, उपकार झाले." आणि आम्ही परत निघालो.

वाटेत मोटार पुन्हा थांबली. ड्रायव्हर भट्टीत सळई खुपसत होता. आम्ही रस्त्याच्या कडेने पुढे चालू लागलो. दोन्हीकडे कापणी झालेली ज्वारीची रानं पसरली होती. धीर द्यायचा म्हणून मी म्हटलं, "तुम्ही फार धीराच्या आहात, सलोमीबाई." नेहमीचा प्रश्न आला नाही.

पुढच्या वळणावर त्या म्हणाल्या, "माझं सगळं बरोबर निघालं, कुसुमताई. माल येत राहील म्हटलं होतं, आला. गुदाम चालेल म्हटलं होतं, चाललं. माणूस वाचेल म्हटलं होतं, वाचला." त्या झपाझप चालत होत्या, मला पळावं लागत होतं. "फक्त एक धरायचं राहिलं. मी मेलेली आहे, हे मी कधी धरलंच नव्हतं."

मग त्या एकदम हसायला लागल्या. हसता हसता रस्त्यातच वाकल्या आणि गुडघ्यांवर हात टेकले. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. मागून मोटार आली तेव्हा त्यांनी तोंड पुसलं होतं.

घरी राहेलबाई दाराशीच होती. सलोमीबाई तिला म्हणाल्या, "जिवंत आहेत, आत्या. धडधाकट आहेत." म्हातारी तिथेच उंबऱ्यात गुडघ्यांवर बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. पुढचं काही सलोमीबाईंनी सांगितलं नाही. मला दटावून ठेवलं : "तिला इतकंच पुरे आहे." आणि खरंच, राहेलबाईंनी पुढचं काही विचारलं नाही. याकोब येत का नाही, पत्र का टाकत नाही, एक शब्द नाही. मला तेव्हा ते म्हातारीचं भोळेपण वाटलं.

मी मात्र एकदा विचारलं. "तुम्ही पत्र टाकलंत का त्यांना?"

"काय लिहू? मी जिवंत आहे म्हणून? तेवढ्या एका ओळीने त्या बाईचं घर मोडेल. आणि नाही लिहिलं तर मी जन्मभर खोटी मेलेली." त्या खोलीत फेऱ्या मारत होत्या. "दोन्हीकडून विचार करून बघितला. दोन्ही बाजू सारख्याच भरतात."

याच सुमाराला त्यांच्या जुन्या कंपनीच्या मुंबई कचेरीकडून विचारणा आली. बेटावर कागदाची फार टंचाई होती. जपानकडून आता काही येत नव्हतं, स्वीडनच्या बोटी पुन्हा लागायला लागल्या होत्या, आणि कचेरीतली जुनी माणसं कुणी मेलेली, कुणी विखुरलेली. माहितगार कुणीतरी हवं होतं. सलोमीबाईंनी राजीनामा लिहून मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवला.

"तिकडे तुमचं कोण आहे आता?" मोठ्या बाईंनी विचारलं. त्यांना काही ठाऊक नव्हतं, त्यांनी सहजच विचारलं.

"टेबल आहे," सलोमीबाई म्हणाल्या.

मला त्यांनी वेगळं उत्तर दिलं. "पत्रातून नको, कुसुमताई. समोर उभी राहीन. त्यांना बघू दे, तिला बघू दे, मला बघू दे. मग तिघांनी मिळून काय ते ठरवू. इथे भिंतीआड बसून मला ते ठरवता येत नाही."

तिघांनी काय ठरवलं ते मला पुढे त्यांच्या दोन-तीन पत्रांतून तुटक कळलं. त्यांनी बंदराजवळ वेगळी खोली घेतली. याकोब त्यांच्याकडे राहायला आले नाहीत आणि त्यांनी बोलावलंही नाही. रविवारी मात्र याकोब, ती बाई आणि मूल, तिघेही चर्चला यायचे आणि नंतर सलोमीबाईंकडे जेवून जायचे. 'सुखात आहे,' असं त्यांनी एकदा लिहिलं होतं आणि मग ते शब्द खोडून 'कामात आहे' असं केलं होतं. त्यानंतर पत्रं थांबली.

पण माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या नगरच्या स्टेशनवरच्या. सेहेचाळीस साल सरत आलं होतं, सकाळची थंडी होती. आम्ही तिघी टांग्यातून आलो होतो. दौंडची गाडी लागलेली. सलोमीबाई फलाटावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या. हमाल म्हणाला, "बाई, डबा ह्योच हाय, चढा की." राहेलबाई शालीत गुरफटून ट्रंकेवर बसली होती. आज तिने सुनेला बस म्हटलं नाही.

गार्डाने शिट्टी फुंकली तशी म्हातारी उठली. शालीतून एक गाठोडं काढून तिने सलोमीबाईंच्या हातात दिलं. वर शेंगदाण्याचे लाडू होते, खाली काहीतरी मऊ कापड. सलोमीबाईंनी फडकं जरा सोडून पाहिलं. पांढऱ्या मांजरपाटाचं झबलं होतं, गळ्याला निळ्या दोऱ्याची टीप घातलेलं.

सलोमीबाई म्हातारीकडे बघत राहिल्या.

"ती निवृत्तीची आय बाजारात भेटली हुती मला," राहेलबाई म्हणाली. "उन्हाळ्यातच. ऐकलं त्याच दिशी शिवाया घेतलं. तू बोलंनास, मंग मी कशाला बोलू?"

गाडी हलली. मी सलोमीबाईंना दंडाला धरून पायरीवर चढवलं. त्यांनी दाराच्या दांडीला एका हाताने धरलं होतं. दुसऱ्या हाताने झबलं उलगडून त्या त्याची उंची डोळ्यांनी मापत होत्या.

"आत्या," त्या वाकून ओरडल्या, "हे लहान होईल हो! तो आता चालत असेल!"

"उसव आन वाढव मग!" राहेलबाई गाडीबरोबर चार पावलं चालत म्हणाली. "शिवणीत कापड सोडलंय मी!"